अब्बांना कोणी विचारलं नाही

गेल्या वर्षी रमजानच्या सुमारास आमच्या घरात एक महिन्याभराचं बाळ होतं आणि एकाहत्तर वर्षांचे अब्बा होते. बाळाने शी केली की सगळं घर गोळा व्हायचं. अम्मी दुपटं उजेडात धरायची. "आज पिवळी आहे, छान आहे." "काल जरा हिरवट होती, नाही का?" भाभी, शेजारच्या खाला, दूध घालायला आलेली मावशीसुद्धा आपलं मत देऊन जायची. त्यात कोणाला लाज वाटत नव्हती, किळस येत नव्हती. त्याच घरात, त्याच दिवसांत अब्बांना दीड महिना काळीकुट्ट शौच होत होती आणि त्याचा आम्हाला पत्ताही नव्हता. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आम्ही तिघं भावंडं. आपा कोल्हापूरला दिलेली, मधला भाऊ अब्बा-अम्मीजवळ तालुक्याच्या गावी आणि धाकटी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आलेली. हा लेख आम्ही तिघांनी बसून लिहिला आहे. 'आम्ही' म्हणतो आहोत ते यासाठी की यातली चूकही तिघांची आहे. आपापसात तिची वाटणी करायचा प्रयत्न आम्ही केला होता, पण ती वाटली जात नाही.

अब्बांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. घाटातल्या गाड्यांचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, असं ते स्वतःच हसून सांगतात. निवृत्तीनंतर दुसराही दुखू लागला. पाच वक्त मशिदीत जाणारा माणूस. सजद्यातून उठताना चेहरा वाकडा व्हायचा, पण खुर्चीवर बसून नमाज पढायला तयार नव्हते. मग भाऊ चौकातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणू लागला. एका पाहुण्याला त्या गोळ्या लागू पडल्या होत्या, एवढाच त्यामागचा आधार. चिठ्ठी नव्हती, तपासणी नव्हती. आधी दुखेल तेव्हा एक, मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ. असं आठ महिने चाललं. पाकीट संपलं की भाऊ न सांगता दुसरं आणून ठेवायचा. आपा कोल्हापूरहून येताना जरा 'जोरदार' कंपनीची आणायची. आम्हाला वाटायचं, आपण अब्बांची सेवा करतोय.

रमजानच्या महिनाभर आधी अब्बा थकल्यासारखे दिसू लागले. जिना चढताना मध्येच थांबायचे. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.6 निघालं. पुरुषाचं साधारण 13च्या वर असायला हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जाता जाता सांगितलं, "या गोळ्यांनी शौच काळी होते, घाबरू नका." त्यांचं म्हणणं खरंच होतं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी किंवा काळपट हिरवी होते. पण दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. गुडघ्याच्या गोळीचा रक्ताशी काय संबंध, असं आम्हाला वाटलं.

अब्बांनी ते एक वाक्य लक्षात ठेवलं, घाबरू नका. शौच तर गोळ्या सुरू होण्याच्या आधीपासूनच काळी होत होती, पण आता त्यांना कारण मिळालं. नंतर कळलं, की मनात शंका आली की ते स्वतःलाच सांगायचे, डॉक्टर म्हणालेत ना!

रमजान सुरू झाला. सहेरीला दोन घास खाऊन अब्बा गुडघ्याची गोळी घ्यायचे, इफ्तारनंतर दुसरी. पहिल्या आठवड्यातच तरावीहमध्ये त्यांना गरगरलं. "रोजा है, होता है इतना," म्हणाले. अम्मीने रोजे सोडायला सांगितलं तर रागावले. आजारी माणसाला सवलत अल्लाहनेच दिली आहे, रोजे नंतर पुरे करता येतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण स्वतःला आजारी मानायलाच ते तयार नव्हते.

त्याच दिवसांत ते संडासात फार वेळ लावू लागले. घरात संडास एकच. सहेरीच्या वेळी सगळ्यांची घाई. भाऊ एकदा दारावर थाप मारून चिडून बोलला, "अब्बा, अजान होईल आता!" आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. बादलीमागून बादली. ती थाप भाऊ अजून विसरलेला नाही.

अब्बांना वेळ का लागायचा, ते आम्हाला इमामसाहेबांमुळे कळलं.

एका दिवशी अस्रनंतर अब्बा मशिदीत मागे थांबले आणि इमामसाहेबांना एक मसला विचारला. शौच डांबरासारखी चिकट होते, कितीही पाणी घेतलं तरी लवकर निघत नाही, हाताला वास राहतो. तहारत होते की नाही अशी शंका राहते, मग पुन्हा पुन्हा धुतो, पुन्हा वुजू करतो, जमात चुकते. अशा वेळी नमाज होते का? मुलांना, बायकोला, डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी पाकीचा प्रश्न म्हणून विचारलं. त्यांच्या लेखी हे दुखणं नव्हतंच, पाकीची अडचण होती.

इमामसाहेब तरुण आहेत, अब्बांच्या मुलासारखे. त्यांनी मसला नीट समजावला, वहिम वाढवू नका म्हणाले. मग विचारलं, "चाचा, रंग कसा असतो?" अब्बा म्हणाले, "काळा. चमकणारा." इमामसाहेबांच्या वडिलांना काही वर्षांपूर्वी असाच त्रास झाला होता. त्यांनी अब्बांचा हात धरला आणि म्हणाले, "नमाजचा मसला मी सांगितला. हा दुसरा मसला डॉक्टरांचा आहे, आणि तो आजचाच आहे. तुम्ही घरी सांगता, की तुमच्या परवानगीने मी सांगू?" अब्बा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. इमामसाहेब त्यांच्याबरोबर घरापर्यंत आले. भावाला बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मगरिबला अर्धा तास उरला होता.

अब्बांनी इफ्तार गाडीत केली, खजूर आणि पाण्याने. मिरज आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर. दवाखान्यांचं गाव, त्यामुळे रात्री जायचं कुठे हा प्रश्न नव्हता.

तिथल्या डॉक्टरांनी अब्बांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. नाडी भरभर चालत होती. मग विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता?" भाऊ म्हणाला, "हो, गुडघ्यासाठी." "किती दिवस?" "आठ महिने." डॉक्टरांनी मान वर करून भावाकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. आपा कोल्हापूरहून परस्पर दवाखान्यात पोचली होती. तिने हळूच पर्समधलं नवं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

नंतर पडदा ओढून डॉक्टरांनी हातमोजा घालून गुदद्वाराची तपासणी केली. अब्बांना ते मरणापेक्षा अवघड वाटलं असणार. पण दोन मिनिटांत निदानाची दिशा मिळाली. बोटाला लागलेलं डांबरासारखं काळं, चिकट, आणि तो विशिष्ट उग्र वास. डॉक्टर म्हणाले, "ही लोहाच्या गोळीची शौच नाही. हे रक्त आहे."

हिमोग्लोबिन 6.2. महिनाभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढण्याऐवजी घटलं होतं. त्या रात्री दोन बाटल्या रक्त चढवलं. रक्तपेढीला बदली रक्तदाते हवे होते. आमच्या मोहल्ल्यातली चार पोरं तरावीह झाल्यावर मोटारसायकलींवरून आली. सकाळी दुर्बिणीने पोटाची तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात व्रण होता, अल्सर, आणि त्यातून रक्त झिरपत होतं. दुर्बिणीतूनच तिथे इंजेक्शन दिलं, बारीकशी क्लिप बसवली. पोट फाडावं लागलं नाही. अल्हम्दुलिल्लाह.

चार दिवस आम्ही तिथे होतो. अब्बा झोपलेले असताना डॉक्टरांना जमेल तेव्हा गाठून आम्ही प्रश्न विचारले. त्यांनीही कंटाळा न करता, कधी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. आमच्या मनात राहिलं ते इथे देतो, कारण हे आम्हाला आठ महिने आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

पहिला प्रश्न धाकटीचा होता, शौचेला तपकिरी रंग येतो कुठून? तो अन्नाचा नसतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांच्यातून एक पिवळं द्रव्य तयार होतं, बिलिरुबिन. यकृत ते पित्तात सोडतं, पित्त आतड्यात येतं आणि तिथले जंतू त्याचं रूप बदलतात. त्यातून हा तपकिरी रंग येतो. म्हणजे रोजच्या साध्या रंगातून यकृत चालू आहे, पित्ताची वाट मोकळी आहे आणि आतडी आपल्या गतीने काम करताहेत हे कळत असतं. पिवळसरपासून गडद तपकिरीपर्यंत सगळे रंग नेहमीचेच. एखाद्या दिवशी बदल झाला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

हिरवा रंग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. मेथी-पालक भरपूर खाल्ली, रंग घातलेली मिठाई किंवा सरबत घेतलं, किंवा जुलाब होऊन अन्न आतड्यातून घाईने सरकलं आणि पित्ताचा रंग बदलायला वेळच मिळाला नाही, तर शौच हिरवी दिसते. अशा वेळी रंगापेक्षा अंगातलं पाणी कमी होत नाही ना, हे पाहायचं. पाण्यासारखे जुलाब असतील तर क्षारसंजीवनीचं पाणी लगेच सुरू करायचं. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी भसाभसा जात असेल तर कॉलराची शंका घेऊन वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पिवळी, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फार वास येणारी, पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहणारी शौच आठवडे चालू राहिली आणि वजन उतरत असेल तर अन्नातली चरबी पचत नाही असा अर्थ असू शकतो. स्वादुपिंडाचा आजार, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार, जिआर्डियासारखा जंतुसंसर्ग, अशी वेगवेगळी कारणं निघतात. ती तपासणीतूनच कळतात.

लाल रंग पाहून माणूस हादरतो, पण आधी काल काय खाल्लं ते आठवावं. बीट खाल्लं तर लाल दिसतंच. खरंच रक्त असेल, कागदाला किंवा पाण्यात ताजं, लालभडक, आणि कुंथताना दुखत असेल, तर मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर हे नेहमीचं कारण असतं. पण आपणच मूळव्याध ठरवून टाकायची नाही. रक्त शौचेत मिसळलेलं असेल, आव पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन घटत असेल, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर तपासणी टाळूच नये. आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

डॉक्टर हे सांगत होते तेव्हा आपा खाली मान घालून बसली होती. बाहेर आल्यावर तिने धाकटीला सांगितलं की तिला स्वतःला दोन वर्षं अधूनमधून रक्त जातंय. नवऱ्याला नाही, सासूला नाही, कोणालाच सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात एका बाई डॉक्टरांनी तिला तपासलं, पुढे दुर्बिणीची तपासणीही झाली. जुनी चीर निघाली, मलम आणि खाण्यातल्या बदलाने भरून आली. मोठं काही नव्हतं. पण ती दोन वर्षं ते मनात ठेवून रोज स्वयंपाक करत होती, मुलांना शाळेत पाठवत होती, हे ऐकून अम्मी खूप रडली.

काळ्या रंगाबद्दल आम्ही सगळ्यात जास्त विचारलं. लोहाच्या गोळ्या, बिस्मथ असलेली पोटाची औषधं यांनी शौच काळी होते. ती एरवीसारखी बांधलेली असते, चकाकत नाही, वास फारसा बदलत नाही. रक्ताची काळी शौच वेगळी. अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त गेलं तर खाली येईपर्यंत आम्लाने आणि पाचकरसांनी ते काळं पडतं. डांबरासारखी चिकट, चकचकीत, उग्र वासाची शौच होते. त्यासाठी फार रक्त जावं लागतं असंही नाही, 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर रक्त पुरतं. सोबत चक्कर, धडधड, धाप, थंड घाम किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर हा फरक घरी ओळखता येईलच असं नाही. शंका आली तर डॉक्टरांना दाखवायचं.

दुखण्याच्या गोळीने हे का होतं? जठरात तीव्र आम्ल असतं. त्यापासून जठराचं अस्तर वाचवण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणं कमी करतात ते हीच द्रव्यं रोखून. गुडघ्याची सूज उतरते, पण जठराचं कवचही पातळ होतं. म्हातारपणात, जास्त दिवस, दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र किंवा सोबत स्टिरॉइड, रक्त पातळ करण्याचं औषध असेल तर धोका आणखी वाढतो. अब्बांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही सापडला. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी अल्सरमागे हा जंतू असतो हे दाखवलं, 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. अब्बांना त्यावर चौदा दिवसांची औषधं दिली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी कोणाला लिहून दिलेली असेल तर घाबरून ती आपल्या मनाने बंद करू नका, आधी विचारा.

शेवटी पांढरा रंग. धाकटीच्या मांडीवर बाळ पाहून डॉक्टरांनी आपणहून विचारलं, "याच्या शीचा रंग कसा आहे?" अम्मीने लगेच उत्तर दिलं, "मोहरीसारखा पिवळा." डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, तुम्ही पाहता हे फार चांगलं करता." बाळाची पहिली दोन-तीन दिवसांची शी काळपट हिरवी, चिकट असते, ते नेहमीचंच. मग पिवळी होते. ती पांढरी, राखाडी किंवा धुतलेल्या मातीसारखी फिकट होऊ लागली, किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं. काही बाळांमध्ये पित्तनलिका बंद असतात. जपानच्या मोरिओ कासाई या शल्यविशारदांनी 1950च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. पण ती बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त. नाहीतर यकृत खराब होत जातं. तैवानमध्ये 2004पासून आईला बाळाच्या शीच्या रंगांचं कार्ड देतात, रंग जुळवून पाहायला. जपानमध्ये 2012पासून माता-बाल पुस्तिकेतच ते कार्ड असतं. आपल्याकडे कार्ड नसलं तरी अम्मीसारखी उजेडात दुपटं धरून पाहणारी माणसं आहेत. फक्त कोणता रंग वाईट हे त्यांना सांगायला हवं. बाळ धष्टपुष्ट दिसतं, दूध पितं, म्हणून फिकट शी सोडून देऊ नये.

मोठ्या माणसाची शौच मातकट पांढरी, लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, असं एकत्र दिसलं तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे. खडा असेल, सूज असेल किंवा गाठ असेल. दुखत नाही म्हणून काविळीच्या झाडपाल्यावर महिने घालवू नयेत.

हे सगळं ऐकून परत येताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. मग अब्बाच म्हणाले, "शरम वाटायची रे. मुलांना काय सांगायचं असलं?"

त्या शरमेबद्दल आम्ही नंतर इमामसाहेबांशी बोललो. हया हा इमानाचा भाग, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते म्हणाले, जी शरम माणसाला गुन्ह्यापासून दूर ठेवते ती हया. जी इलाजापासून दूर ठेवते ती हया नव्हे. त्यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्याबद्दलची सहीह मुस्लिममधली हदीस सांगितली. तुमचे पैगंबर तुम्हाला शौचाला कसं बसावं हेसुद्धा शिकवतात का, असं लोकांनी हिणवलं तेव्हा हजरत सलमान लाजले नाहीत. हो म्हणाले, आणि काय काय शिकवलं तेही सांगितलं. शौचाला जाताना आणि बाहेर येतानाही दुआ पढायला शिकवणारा आपला दीन आहे. त्या घरात ज्याची त्याची शौच हा गुप्त कारभार कसा झाला, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. बाळ बोलत नाही म्हणून आपण त्याचं पाहतो. मोठी माणसं बोलू शकतात, ती सांगतील असं आपण धरून चालतो, आणि ती सांगत नाहीत.

आता आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या आहेत. दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय येत नाही. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो की चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून नेतो, हकीमसाहेबांचं चूर्णसुद्धा. कमी रक्तावर गोळ्या मिळाल्या तर विचारतो, "पण कमी झालं कशामुळे?" संडासात चांगल्या उजेडाचा दिवा लावला आहे, कारण आधीच्या मिणमिणत्या बल्बखाली काळं काय आणि तपकिरी काय, अब्बांना नीट दिसतही नव्हतं. आणि महिन्यातून एकदा तरी अम्मी-अब्बांना सरळ विचारतो, पोट कसं आहे, रंग कसा आहे. पहिल्या वेळी भावाचा चेहराच लाल झाला होता. अम्मीने त्याला हाकललं आणि मग पदराआडून धाकटीला उत्तर दिलं.

भावाला अजून एक गोष्ट सोडत नाही. ती पाकिटं त्याने आपल्या हाताने आणली होती. आपा म्हणते, मीही आणली. धाकटी म्हणते, मी घरात होते, रोज समोर होते, मी बाळाचीच दुपटी पाहत बसले. अब्बांनी एकदा हे बोलणं ऐकलं. म्हणाले, "तुम्ही आणून दिल्या, मी खाल्ल्या, आणि लपवलं मीच. अल्लाहने वाचवलं. आता उगाच हिशेब करू नका."

यंदा डॉक्टरांना विचारून अब्बांनी रोजे धरले. गेल्या वर्षीचे सुटलेले त्यांनी हिवाळ्यात, दिवस लहान असताना पुरे केले. गुडघ्यांसाठी मांडीचे व्यायाम करतात, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात पॅरासिटामॉल घेतात आणि नमाज खुर्चीवर पढतात. आधी सफेच्या कडेला अवघडून बसायचे, आता त्यांच्यामुळे आणखी दोघा म्हाताऱ्यांनी खुर्ची घेतली आहे.

आणि आमचा भाचा, ते बाळ, आता चालायला लागला आहे. परवा नाश्त्याच्या वेळी त्याने शी केली आणि सवयीप्रमाणे सगळे पाहायला गेले. अब्बा दस्तरखानावरूनच मोठ्याने म्हणाले, "अरे, माझीही विचारा कोणीतरी! आज एकदम चांगली, तपकिरी, अल्हम्दुलिल्लाह!" अम्मी म्हणाली, "तौबा! जेवणावर बसून हे काय बोलणं?" पण ती हसत होती.